अ‍ॅटलांटिक सिटी: आईचा 'ताजमहाल' शोधताना

वाळूचे_पाय

आई या खेपेला आली आणि जेट लॅग उतरायच्या आत तिने विचारलं, "त्या ताजमहालाला कधी न्यायचं?"

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी सांगते. 1998 साली आई-बाबा पहिल्यांदा न्यू जर्सीत आले. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात आणि हे दोघं एडिसनच्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये खिडकीतून पार्किंग बघत बसलेले. तेव्हा कॉम्प्लेक्समधल्या बाकीच्या 'आलेल्या आईवडिलांनी' त्यांना कॅसिनोच्या बसचा शोध लावून दिला. सकाळी बसायचं, दोन-अडीच तासांत अ‍ॅटलांटिक सिटी, संध्याकाळी परत. वर कॅसिनोवाले उतरल्या उतरल्या क्वार्टर्सचा, म्हणजे पंचवीस सेंटच्या नाण्यांचा, दहा डॉलरचा रोल हातात ठेवायचे. त्यांची अपेक्षा अशी की तुम्ही तो लगेच मशीनमध्ये घालाल आणि मग खिशातले आणखी वीस घालाल.

त्यांनी आमच्या बाबांना ओळखलं नव्हतं. बाबा दोन डॉलर खेळायचे, बाकीची नाणी रुमालात बांधून घरी. आमच्या अपार्टमेंटच्या लॉन्ड्रीला क्वार्टर्सच लागायची! त्या उन्हाळ्यात आमचे कपडे अ‍ॅटलांटिक सिटीच्या खर्चाने धुतले गेले. आई डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी न्यायची. पाच-सहा जोडपी बोर्डवॉकच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी रस्त्याच्या, बाकांवर बसून, समुद्राकडे तोंड करून जेवायची. मागे ट्रम्प ताजमहाल या कॅसिनोचे रंगीत घुमट आणि मिनार. तिथे काढलेला दोघांचा फोटो गावी हॉलमध्ये अजून आहे. बाबा गेल्यापासून त्याला हार आहे, म्हणजे आता हार ताजमहालालाही आहे.

तर ऑक्टोबरात मी आईला घेऊन गेले. पार्कवे संपवून एक्स्प्रेसवेला लागलं की शेवटचे काही मैल दोन्ही बाजूंना खाजण लागतं, पिवळं गवत आणि मधून चकाकणारं पाणी. त्यातून एकदम उंच इमारती उगवतात. आधी पाच पवनचक्क्या दिसतात. लांबून खरंच दुबई वाटते. आई म्हणाली, "बघ, वाढलंय की गाव!"

गाडी लावून बोर्डवॉकवर आलो. जिथे ताज होता तिथे भलीमोठी गिटार. घुमट नाहीत. मी तिला आधी सांगितलं होतं की तो 2016 मध्ये बंद पडला आणि 2018 मध्ये हार्ड रॉक कॅसिनो म्हणून उघडला. पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. ती बराच वेळ वर बघत उभी राहिली. मग म्हणाली, "अगं, ताजमहाल असा विकतात का?"

आत गेलो. आधी सिगरेटचा वास आला. न्यू जर्सीत 2006 पासून इमारतींच्या आत धूम्रपानाला बंदी आहे, पण कॅसिनोच्या मजल्याच्या काही भागाला त्यातून सूट आहे. आईला मशीनपाशी बसवलं. तिने पर्स उघडून नाणी काढली आणि ती घालायला फट शोधायला लागली. फट नाहीच. आता नोट घालायची, जिंकलात तर कागदाची चिठ्ठी बाहेर येते. तो खुळखुळाट गेला. पाच डॉलरची नोट दोन मिनिटांत संपली. आई उठत म्हणाली, "गेली लॉन्ड्री."

बाहेर चालत सुटलो. बोर्डवॉकच्या तिरप्या लाकडी फळ्या आणि खारा वारा अजून छान आहेत. दुकानांचं काय सांगू. टी-शर्ट, मसाज, हात बघणारी बाई, टी-शर्ट, सोनं विकत घेणारा, बंद शटर, पुन्हा टी-शर्ट. आईच्या चपलेत वाळू गेली म्हणून बाकावर बसलो. तिला सांगितलं, हा लाकडी रस्ता याच कारणासाठी झाला. 1854 मध्ये फिलाडेल्फियाच्या बाजूने रेल्वे आली आणि दलदलीच्या बेटावर गाव उभं राहिलं. पण किनाऱ्यावरून येणारे लोक हॉटेलांच्या गालिच्यांवर आणि आगगाडीच्या डब्यांत वाळू आणायचे. वैतागून एक रेल्वे कंडक्टर आणि एक हॉटेलवाला यांनी कल्पना मांडली आणि 1870 मध्ये फळ्या टाकल्या. हिवाळ्यात त्या उचलून ठेवायच्या! आईला हे एकदम पटलं. म्हणाली, "वाळू घरात आणली की बोलणी खावी लागतातच."

नंतर मी एक चूक केली. गाडीकडे जाताना शॉर्टकट म्हणून दोन गल्ल्या आत शिरलो. बोर्डवॉकपासून चालत पाच मिनिटं. रिकामे प्लॉट, गुडघाभर गवत, त्यात एकटंच उभं असलेलं तीन मजली चिंचोळं घर. दोन्ही बाजूंची घरं पाडल्यामुळे त्याच्या भिंतीवर शेजारच्या जिन्याचा व्रण राहिलाय, पायरी पायरी दिसते. आणि मागे काचेचा चमचमता मनोरा. आई गप्प झाली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आम्ही इतक्या वेळा आलो, हे कधी बघितलंच नाही."

आणि तेव्हापासून माझ्याही डोक्यात तेच बसलंय. ती बस थेट कॅसिनोच्या पोटात जायची, त्यांनी मागच्या बाजूने उतरावं, पुढच्या बाजूने समुद्र बघावा, मागच्या बाजूने परत. पंधरा-वीस वेळा अ‍ॅटलांटिक सिटीला जाऊन आई-बाबांनी ते गाव पाहिलंच नव्हतं. मीही नाही.

तुमच्यापैकी कुणी पाहिलंय? आठवणी असतील तर लिहा.

गाडगीळ_नसलेला

लॉन्ड्री वाचून फुटलो! आमच्या सासरेबुवांनी त्या नाण्यांतून टोल भरले. पार्कवेचा टोल तेव्हा नाण्यांच्या टोपलीत टाकायचा असायचा.

सोंगट्या

लेख आवडला. एक गंमत. लहानपणी आपण 'व्यापार' खेळायचो ना, ज्यात मुंबईतल्या जागा विकत घ्यायच्या? त्याचा मूळपुरुष मोनोपॉली. 1935 मध्ये पार्कर ब्रदर्सने तो बाजारात आणला आणि त्या पटावरची नावं जवळजवळ सगळी अ‍ॅटलांटिक सिटीच्या रस्त्यांची आहेत. सगळ्यात महाग घर बोर्डवॉक, सगळ्यात स्वस्त मेडिटरेनियन आणि बाल्टिक अ‍ॅव्हेन्यू. मार्विन गार्डन्स तेवढं शेजारच्या मार्गेट गावातलं, आणि त्याचं स्पेलिंग पटावर चुकलंय. मूळ नावात 'आय' नाही, 'ई' आहे.

मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा रस्त्यांच्या पाट्या वाचत वेड्यासारखा फिरलो होतो. व्हेंटनॉर अ‍ॅव्हेन्यू! पॅसिफिक अ‍ॅव्हेन्यू! पटावर पॅसिफिक हिरव्या रंगाची, महागातली. प्रत्यक्षात त्या रस्त्यावर गहाणवट दुकानं बघितली आणि बायको म्हणाली, गाडीत बस.

मिरची_लागली

लोक तिथे का जातात हे मला कळलेलं नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी राहिलो होतो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. समुद्र दिसणारी खोली म्हणून पैसे घेतले, समुद्र दिसायचा पण बाथरूमच्या बाजूला भिंतीला चिकटून मान वाकडी केली तर. वर 'रिसॉर्ट फी' म्हणून वेगळे लावले. रिसॉर्ट म्हणजे काय विचारलं तर म्हणे पोहण्याचा तलाव. तलाव दुरुस्तीसाठी बंद. गालिचा ओला. त्यापेक्षा तासभर पुढे 'केप मे' या गावी जा. जुनी व्हिक्टोरियन घरं, स्वच्छ किनारा, माणसं सभ्य.

गाडगीळ_नसलेला

'माणसं सभ्य' म्हणजे नक्की कोण हो? (दिवा घ्या, म्हणजे 'लाइटली' घ्या.)

मिरची_लागली

दिवा घेतला. पण रात्री नऊनंतर तुम्ही त्या गल्ल्यांत फिरून दाखवा, मग बोलू.

पत्ते_पिसणारी

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. मी या गावात राहते. म्हणजे बोर्डवॉकवर नाही, मिरचीताई ज्या गल्ल्यांना घाबरल्या तिथेच. रात्री नऊनंतर फिरतेही, कारण ड्यूटीला जायचं असतं. सावध राहावं लागतं, खोटं बोलणार नाही. पण माझ्या गल्लीत कोण कुठल्या मजल्यावर आहे, कुणाचा गुडघा दुखतो, हे मला ठाऊक आहे. एडिसनच्या माझ्या बहिणीला तिच्या शेजाऱ्याचं नाव माहीत नाही.

मी ब्लॅकजॅकची डीलर आहे, म्हणजे कॅसिनोत त्या खेळाचे पत्ते वाटते. मधल्या काळात एका कॅसिनोतली नोकरी गेली होती, नाव नको. पत्र मिळालं तेव्हा साठ दिवस होते हातात. शेवटच्या पाळीला सुपरवायझर रडत होता आणि आम्ही त्याला समजावत होतो. टेबल सोडताना डीलरने हात जुळवून टाळी वाजवायची आणि तळवे उलटेपालटे करून वर दाखवायचे असतात, कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे की हातात चिप नाही. त्या दिवशी मी ते केलं आणि तसेच हात वर राहिले दोन क्षण. आता इतकी सवय झालीय की घरी पोळ्या लाटून झाल्यावरही मी ओट्यापाशी तेच करते. मुलगा हसतो.

गावाबद्दल. आमच्याकडे बांगलादेशी वस्ती खूप आहे, बरेचसे कॅसिनोतच कामाला. त्यांच्या दुकानांत हिलसा मिळतो, बांगडा मिळत नाही, हे माझं दुःख. पण महिन्याचं मोठं सामान आणायला पूल ओलांडून गावाबाहेर जावं लागतं. रोज हजारो लोकांना जेवू घालणाऱ्या गावात धड मोठं सुपरमार्केट नाही, यावर आम्ही रहिवासी हसतो. मोठ्याने नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा. कॅसिनोची नाणी घेऊन न खेळणाऱ्या काकू आम्हाला लांबून ओळखू यायच्या. डब्याचा वास यायचा ना!

वाळूचे_पाय

@पत्ते_पिसणारी, वाचून दाखवलं आईला. 'डब्याचा वास' ऐकून ती लाजली आणि मग म्हणाली, लसणाची चटणी होती, येणारच.

जुनी_कात्रणं

या गावाला लोक 'एकेकाळी वैभवशाली' म्हणतात, तेव्हा कुणाचं वैभव हेही जरा बघू या. 1898 चा स्टील पिअर, म्हणजे समुद्रात घुसलेला धक्का, त्यावर घोडा उंचावरून पाण्याच्या टाकीत उडी मारायचा. 1921 मध्ये सुरू झालेली मिस अमेरिका स्पर्धा, आणि त्यामागचा हेतू सौंदर्य वगैरे नव्हता, सप्टेंबरात लेबर डेच्या सुट्टीनंतरही पर्यटक थांबावेत एवढाच होता. 1929 चं कन्व्हेन्शन हॉल, ज्यात तेहतीस हजारांहून जास्त नळ्यांचा जगातला सगळ्यात मोठा पाइप ऑर्गन आहे. दारूबंदीच्या काळात इथे दारू उघड मिळायची. हे सगळं खरं.

पण हॉटेलांत वाढपी, स्वयंपाकी, पर्यटकांना बसवून फिरत्या खुर्च्या ढकलणारे बहुतेक कृष्णवर्णीय. त्यांना राहायला नॉर्थसाइड आणि पोहायला मिसूरी अ‍ॅव्हेन्यूजवळचा एक तुकडा. त्याला लोक चिकन बोन बीच म्हणायचे. कारण? घरून डबे आणायचे. (म्हणजे वाळूचे_पाय यांच्या आई-बाबांची परंपरा जुनी आहे!) गंमत अशी की उत्तम संगीत तिकडेच होतं. केंटकी अ‍ॅव्हेन्यूवरच्या क्लब हार्लेमला रात्री उशिरा गोरे पर्यटकही लोटायचे.

उतरण कॅसिनोच्या कितीतरी आधीची. मोटारगाड्या आल्या, विमानं स्वस्त झाली, लोक फ्लोरिडाला जायला लागले. घरात एसी आणि अंगणात तलाव आल्यावर फिलाडेल्फियाच्या माणसाला उकाड्यातून पळायचं कारण उरलं नाही. 1964 मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन इथे भरलं. गावाला वाटलं, आता देश आपल्याला बघेल. देशाने बघितलंच: कळकट खोल्या आणि बंद पडणारी यंत्रं, आणि ते लिहून काढायला हॉटेलभर पत्रकार.

हिशेबनीस

वरच्याला जोडून. 1974 मध्ये राज्यभर कॅसिनोंचा प्रस्ताव जनमताने पाडला. 1976 मध्ये 'फक्त अ‍ॅटलांटिक सिटीत' असा बदल करून आणला, तो पास झाला. 26 मे 1978 ला पहिलं कॅसिनो जुन्या हॅडन हॉलमध्ये उघडलं. नेवाडाबाहेर कायदेशीर कॅसिनो असलेलं ते तेव्हा देशातलं एकमेव गाव. त्याच सुमारास मार्लबरो-ब्लेनहाइमसारखं 1906 चं देखणं हॉटेल कॅसिनोसाठी जमीनदोस्त केलं. पैसा आला तो भयंकर आला. 2006 मध्ये कॅसिनोंची कमाई 5.2 अब्ज डॉलर. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियात कॅसिनो सुरू झाले आणि फिलाडेल्फियाच्या माणसाला इकडे यायची गरज संपली. पुन्हा तेच!

2014 मध्ये बारा कॅसिनोंपैकी चार बंद पडले: अटलांटिक क्लब, शोबोट, रेव्हेल, ट्रम्प प्लाझा. आठ हजारांच्या आसपास लोक बेकार. रेव्हेल बांधायला 2.4 अब्ज लागले होते, 2012 मध्ये उघडलं, अडीच वर्षं टिकलं नाही आणि शेवटी 8.2 कोटींना विकलं गेलं. आता तिथे ओशन नावाचं कॅसिनो आहे, बरं चाललंय.

मात्र 'कॅसिनोंनी काही दिलं नाही' असं लोक म्हणतात ते अर्धसत्य. त्यांच्या ढोबळ कमाईवर आठ टक्के कर आहे आणि तो राज्यभरातल्या ज्येष्ठ आणि अपंगांच्या योजनांना जातो, औषधांच्या सवलतीसुद्धा त्यातून. म्हणजे एडिसनच्या आजींची गोळी स्वस्त झाली. अ‍ॅटलांटिक सिटीची गल्ली तशीच राहिली.

जुनी_कात्रणं

बरोबर. पण इमारतीच बघा ना कशा बांधल्या. समुद्राकडे दार, गावाकडे पार्किंगची आंधळी भिंत. आत खिडकी नाही, घड्याळ नाही. माणूस बाहेर पडून कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवला तर कॅसिनोचं नुकसान, मग तो बाहेर का पडेल? आतलं बुफे जवळजवळ फुकट असायचं. कोपऱ्यावरच्या खानावळी एकेक करून मेल्या. धागाकर्तीच्या आईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते हेच.

ट्रम्प प्लाझाच्या शेजारी एका वयस्क बाईंचं घर होतं. कॅसिनोला लिमोझिन उभ्या करायला जागा हवी म्हणून सरकारी यंत्रणेने ते ताब्यात घ्यायचं ठरवलं. बाई हटल्या नाहीत, 1998 मध्ये कोर्टात जिंकल्या. ते घर 2014 मध्ये पाडलं, आणि शेजारचा प्लाझा 17 फेब्रुवारी 2021 ला सुरुंग लावून पाडला. लोकांनी पैसे देऊन ते पाडकाम पाहिलं म्हणे!

गाडगीळ_नसलेला

राजकारणाकडे धागा वळायच्या आत कुणीतरी खाण्याबद्दल बोला.

थेम्सकाठची

इकडे इंग्लंडात ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावाची तीच कथा. 1894 चा टॉवर, शरदातली रोषणाई, गिरण्यांना सुट्टी लागली की अख्खं लँकेशायर तिथे. मग स्पेनची विमानं स्वस्त झाली. आम्ही गेलो तेव्हा पाऊस पडत होता आणि एक आजोबा छत्री धरून आइस्क्रीम खात होते. का कोण जाणे, तेवढ्यावर मला ते गाव आवडलं.

अनामिक_जर्सीकर

जूनमध्ये भारतातून भाऊ-वहिनी आणि सात-नऊ वर्षांची मुलं येतायत. नेऊ का नको? कॅसिनो सोडून काही आहे का?

पत्ते_पिसणारी

जरूर या. एक, आमचा किनारा फुकट आहे. जर्सीच्या बहुतेक गावांत उन्हाळ्यात वाळूवर पाय ठेवायला बिल्ला विकत घ्यावा लागतो, इथे नाही. अ‍ॅबसिकन दीपगृह 1857 चं आहे, 228 पायऱ्या, मुलं पळत चढतील, वहिनींना मध्ये बसू द्या. पार्किंग एकदाच करा आणि जिटनी घ्या. या छोट्या बसगाड्या 1915 पासून चालतात, आपल्या शेअर रिक्षाच्या चुलतबहिणी.

आणि मार्गेटला लुसी हत्तीण. 1881 मध्ये एका जमीनवाल्याने प्लॉट विकले जावेत म्हणून बांधली, लाकूड आणि पत्रा, सहा मजली उंच. पायातल्या जिन्याने पोटात जायचं, डोळ्यांतून समुद्र बघायचा आणि वर अंबारीत उभं राहायचं. एवढी कॅसिनो आली-गेली, ही बया उभी आहे. शाकाहारी असाल तर बोर्डवॉकवर पिझ्झा आणि टॅफी, बाकी माझ्याकडे या.

मिरची_लागली

लुसी आम्ही पाहिलीच नाही. पुढच्या वेळी बघू. (पण हॉटेल तेच नाही.)

सोंगट्या

धागाकर्ती, आईंना शेवटी आवडलं का नाही ते राहिलंच.

वाळूचे_पाय

राहिलंच खरं. त्या दिवशी परत निघायच्या आधी आई म्हणाली, जिथे आम्ही जेवायला बसायचो तो बाक बघू. बाक कुठला ते काही सापडलं नाही, 2012 च्या सँडी वादळानंतर काय काय बदललं असेल. तिथे एक फिरती खुर्ची ढकलणारा मुलगा उभा होता, बांगलादेशी. वेताची छत्रीवाली खुर्ची असते ना, ती. त्याने आईला "आंटी, बैठिए" म्हटलं. आईने साफ नकार दिला. माणसाने माणसाला ढकलायचं आणि आपण बसायचं, तिला जमेना. मग त्याचं गिऱ्हाईक नाही म्हणून तो रिकामी खुर्ची ढकलत आमच्याबरोबर चालत राहिला आणि आई त्याला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारत राहिली: घरी कोण कोण, आई काय करते, जेवलास का. त्यानेच सांगितलं घुमट कुठून कुठपर्यंत होते ते, हात लांब करून. तो तेव्हा शाळेत होता आणि त्याचे वडील आत कामाला होते.

बोर्डवॉकवरून उतरताना मी त्याला पैसे द्यायला लागले तर घेईना. मग आईने पर्समधली ती न खपलेली सगळी क्वार्टर्स त्याच्या खुर्चीच्या गादीवर ओतली. केवढा आवाज झाला!

आवडलं का, विचारलं तर उत्तर देत नाही. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंकडून तिने चौकशी करून ठेवलीय की बस अजून सुटते का. सुटते म्हणे, आठवड्यातून काही दिवस. मंगळवारी दोघी जातायत. मी म्हटलं, आता लॉन्ड्री घरातच आहे, नाण्यांचं काय करणार? तर म्हणाली, "त्या डीलर बाईंची पाळी किती वाजता असते ते विचार. चार दशम्या जास्त करते."

@पत्ते_पिसणारी, विपु (तुमच्या पानावरची विचारपूस) बघा.